रंगाचा टवका

लखनौच्या चौक या जुन्या वस्तीतून मोटारगाडी चालवणे हे कौशल्याचे काम असेल. परंतु ती ओरखडा न पडता घरी परत येणे हा बव्हंशी दैवाचा भाग आहे. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा या दोन वेशींमधला हा रस्ता मोटारीच्या कितीतरी आधीचा. पालखी, घोडा, पायी चालणारा माणूस आणि पुढे एक्का व टांगा यांच्या बेताने तो आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या घडत गेल्या. सायकल-रिक्षाच्या चाकाचा बाहेर आलेला तुंबा, ई-रिक्षाच्या पत्र्याची कड, चिकनकामाच्या कापडाचे गठ्ठे वाहणारी हातगाडी, यांपैकी कोणाचा ना कोणाचा स्पर्श गाडीच्या दाराला होतोच. याच शहरात १९७२ साली ‘स्कूटर्स इंडिया’ हा सरकारी कारखाना निघाला, आणि त्याची ‘विजय सुपर’ ही स्कूटर अशा गल्ल्यांना मानवणारे वाहन होती. कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या आणि गाड्या रुंद झाल्या.

चौकातली गाडी एवढ्यावर सुटत नाही. तीच गाडी सुटीच्या दिवशी आग्र्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर धावते. सुमारे ३०० किलोमीटरचा हा मार्ग २०१६ साली खुला झाला. तेथे इजेचे स्वरूप बदलते. पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला हरभऱ्याएवढा खडा बॉनेटच्या कडेवर आदळतो आणि रंगाचा एक बारीक टवका उडतो. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीवर जो खडा नुसताच टिचकी मारून जाईल, तोच ताशी १०० किलोमीटरला सहापटींहून अधिक जोराने बसतो. म्हणून गल्लीत ओरखडे पडतात आणि महामार्गावर टवके उडतात. ओरखडा लांब असतो पण बहुधा उथळ; टवका तिळाएवढा असतो पण अनेकदा थेट पत्र्यापर्यंत पोचलेला. मालकाला मात्र लाज वाटते ती ओरखड्याची. टवक्याकडे त्याचे लक्षही जात नाही. गाडीच्या दृष्टीने ही गोष्ट नेमकी उलट असायला हवी. ती का, हे समजण्यासाठी गाडीवरचा रंग म्हणजे काय हे आधी पाहिले पाहिजे.

चौकात एकेकाळी चांदीचा वर्ख कुटणाऱ्या कारागिरांच्या हातोड्यांचा आवाज ही ओळखीची गोष्ट होती. मिठाईवर बसणारा तो वर्ख एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आजच्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरतो. म्हणजे वर्खाहून तो शेकडो पटींनी जाड आहे, पण लग्नपत्रिकेच्या कागदाहून पातळ. एवढ्या जाडीतही तो एकसंध नसतो. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा अतिसूक्ष्म थर दिला जातो. मग सबंध सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीजप्रवाह सोडतात, आणि विजेच्या ओढीने रंगाचे कण सांदीकोपऱ्यांतसुद्धा जाऊन बसतात. हा थर सुमारे २० मायक्रॉनांचा. त्यावर खाचखळगे बुजवणारे अस्तर, म्हणजे प्रायमर, सुमारे ३० ते ४० मायक्रॉन. त्यावर प्रत्यक्ष रंग; तो तर जेमतेम १५ ते २० मायक्रॉनांचा. आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, ४० ते ५० मायक्रॉनांचा. ऊन, धूळ आणि पुसण्याचे फडके यांचा मार हा वरचा लेपच सोसतो. गाडीचा रंग म्हणून जो आपल्या डोळ्यांना दिसतो, तो या सगळ्या थरांतला बहुधा सर्वांत पातळ रंगीत पापुद्रा असतो. राहिलेले सारे थर डोळ्यांसाठी नव्हेत, लोखंडासाठी आहेत.

पूर्वी असे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी गाड्या बग्गीसारख्याच ब्रशाने रंगवीत. एकावर एक हात देत, प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहत, एका गाडीला कित्येक आठवडे लागत. १९१४ नंतर बरीच वर्षे फोर्डची मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळे, ती काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. १९२३ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्यूको’ नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आले. ते फवाऱ्याने मारता येई आणि तासाभरात वाळे. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. हे व्यापारी नाव आपल्याकडे इतके रुळले की कपाटावर फवाऱ्याने रंग मारणाऱ्यालाही आज ‘ड्यूकोवाला’ म्हणतात. तो ड्यूको वापरत नसला तरी. जुनी अ‍ॅम्बॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी कोणाच्या दारात असेल, तर तिच्यावर वरचा पारदर्शक लेप नाही, रंगाचाच एक जाडसर थर आहे, असे समजून चालावे. त्याची परीक्षा सोपी आहे. एखाद्या न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे रबिंग कंपाऊंड घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तो एकेरी रंग. न लागला तर वर पारदर्शक लेप आहे.

आता टवक्याकडे वळू. टवका पत्र्यापर्यंत गेला म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन यांची गाठ पडते. गंजणे ही वस्तुतः विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका बिंदूवरून अणू विरघळून जातात आणि इलेक्ट्रॉन मागे ठेवतात. शेजारच्या बिंदूवर पाणी आणि ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. दोहोंच्या संयोगातून तो तांबूस भुगा तयार होतो. केंब्रिजचे संशोधक यूलिक इव्हान्स यांनी एक साधा आणि सुंदर प्रयोग केला होता. स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, तर लोखंड थेंबाच्या कडेला नव्हे, मधोमध खाल्ले जाते. कडेला हवा भरपूर पोचते, मधोमध कमी. आणि जेथे ऑक्सिजन कमी तेथेच लोखंड विरघळते. सामान्य समजुतीला हे विपरीत वाटेल. परंतु टवक्याचे सारे रहस्य येथे आहे. टवक्याच्या उघड्या भागाला हवा मिळते. रंगाच्या काठाखाली जी बारीक फट राहते तेथे पाणी शिरते, पण हवा कमी पोचते. म्हणून गंज उघड्या जागेवर समाधान न मानता रंगाखाली सरकतो. शिवाय गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो रंगाला आतून उचलतो, कड सुटते, नवे पाणी शिरते. पहिल्या पावसाळ्यात तिळाएवढा असलेला डाग दुसऱ्या पावसाळ्यात फुगवट्याच्या रूपाने दिसू लागतो. हा फुगवटा फोडून पाहिला तर खाली पत्र्याऐवजी चाळण हाती येते. दाराचा पत्रा मुळात ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

लखनौ समुद्रापासून दूर आहे, हे तिथल्या गाडीमालकाचे भाग्य. मुंबई, अलिबाग किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात हीच क्रिया फार जलद होते, कारण मिठाचे कण पाण्याची विद्युत्‌वाहकता वाढवतात आणि हवेतील ओलावाही धरून ठेवतात. किनाऱ्यावरच्या वाचकाने टवका दिसल्यावर आठवड्याभरात झाकावा. लखनौच्या मालकाला उन्हाळ्यात महिना-दोन महिन्यांची सवलत मिळते. मात्र जुलै ते सप्टेंबर ही सवलत तेथेही नसते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गाडीवर रोज पहाटे दव बसते तेव्हाही नाही. साधारणतः हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की पाऊस न पडताही लोखंड गंजू लागते. चौकात आणखी एक शत्रू आहे, तो गच्चीवरचा. कबूतरबाजीचा षौक या वस्तीत फार जुना. कबुतराची विष्ठा आम्लयुक्त असते आणि उन्हात तापलेल्या पारदर्शक लेपावर ती वाळली की तेथे कायमचा चट्टा पडतो. ती खरवडू नये. ओले फडके काही वेळ ठेवून, मऊ झाल्यावर उचलून घ्यावी.

लोखंड गंजायलाच हवे असे मात्र नाही. दिल्लीजवळ मेहरौलीचा सात मीटरांहून उंच लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. लखनौपासून फार दूर नसलेल्या कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण सुमारे पाव टक्का आहे, आजच्या पोलादाच्या मानाने पुष्कळच अधिक. त्यामुळे पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचा एक घट्ट, पातळ थर बनत गेला आणि तोच स्तंभाला राखतो, असे त्यांनी दाखवून दिले. आधुनिक पोलाद वाकवता यावे, ठिसूळ होऊ नये म्हणून त्यातील फॉस्फरस जाणूनबुजून काढून टाकलेला असतो. तेव्हा कारखान्यात पत्र्याला जो फॉस्फेटचा थर देतात, तो जे पोटातून काढले ते पाठीवर परत चढवण्यासारखेच आहे. बाजारात गंजरोधक द्रव म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यांत बहुधा फॉस्फरिक आम्ल असते. ते उरलेल्या गंजाचे फॉस्फेट करते. काही द्रवांत टॅनिन असते, आणि ते लावताच तांबडा गंज निळसर काळा होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग करण्याची जी जुनी रीत आहे, तीच ही रासायनिक क्रिया. असे द्रव राहिलेल्या गंजाचे रूपांतर करतात, सुटलेल्या गंजाचे नव्हे. भुगा तसाच ठेवून त्यावर द्रव ओतणे म्हणजे पोपडे न काढता भिंतीला चुना देणे होय.

दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी इजा किती खोल आहे हे ठरवावे. जागा धुऊन पुसून घ्यावी आणि तीवर पाण्याचे बोट फिरवावे. ओली असताना खूण दिसेनाशी झाली, नख फिरवले असता अडकले नाही, तर इजा फक्त पारदर्शक लेपात आहे. तिला रंग लावण्याचे कारणच नाही. रबिंग कंपाऊंडने हलक्या हाताने घासले की पुरे. नख अडकते पण तळाशी राखाडी किंवा पांढरट अस्तर दिसते, अशी इजा मधली. ती लांबली तरी चालते. तळाशी धातूची चकाकी किंवा तांबूस ठिपका दिसला तर मात्र विलंब करू नये. त्यानंतर लोहचुंबक लावून पाहावा. पुढचे-मागचे बंपर आजकाल प्लॅस्टिकचे असतात आणि काही गाड्यांचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे. चौकातल्या गाडीचे बंपर सर्वांत अधिक खरचटलेले असते आणि मालकाचा अर्धा जीव तेथेच अडकलेला असतो. परंतु प्लॅस्टिक गंजत नाही. तेथली दुरुस्ती केवळ शोभेची. वेळ आणि बाटलीतला रंग आधी पत्र्यासाठी राखावा.

रंग कोणता घ्यावा हा दुसरा प्रश्न. ‘पांढरा’ किंवा ‘चंदेरी’ एवढे सांगून भागत नाही. प्रत्येक गाडीच्या रंगाला कारखान्याने सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. तो इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर किंवा दाराच्या खांबावर आढळतो. या क्रमांकाने १० ते १५ मिलिलिटरची छोटी बाटली मागवता येते, आणि ती शेकडो टवक्यांना पुरते. क्रमांक अचूक असूनही रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. गाडी पाच-सात वर्षे उन्हात उभी राहिलेली असते, बाटली राहिलेली नसते. चंदेरी व इतर धातुझाकीच्या रंगांत आणखी एक अडचण आहे. त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात. फवाऱ्याने मारलेल्या रंगात त्या पृष्ठभागाला समांतर, कौलांसारख्या आडव्या बसतात आणि प्रकाश परतवतात. ब्रशाच्या ठिपक्यात त्या वेड्यावाकड्या उभ्या राहतात. म्हणून ठिपका काळपट दिसतो. यात ब्रश धरणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. एक पाऊल दूर उभे राहून जो दिसत नाही तो ठिपका उत्तम समजावा. घरच्या कामाला यापलीकडची कसोटी लावणे अन्यायाचे आहे.

आता ऋतू. मे-जूनमध्ये लखनौचे तापमान ४० अंशांवर जाते आणि उन्हातला पत्रा तर हातही लावू देत नाही. अशा पत्र्यावर ठिपका टेकताच त्यातील विद्रावक उडून जातो, रंग पसरून सपाट होण्यापूर्वीच आखडतो. दुपारच्या आंधीची धूळ त्यावर बसते ती वेगळीच. धुक्याच्या किंवा पावसाच्या दिवसांत याउलट घडते. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतील बाष्प साचते आणि लेप दुधाळ होतो. पेंटर लोकांना हा दोष चांगला परिचित आहे. दसऱ्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत आणि होळीनंतरचे काही आठवडे हा या कामाचा खरा काळ. होळीपूर्वी करण्याचा उत्साह धरू नये. ताज्या ठिपक्यावर गुलाल बसला तर तो पुढे निघत नाही. सकाळची सावली, वारा पडलेला आणि पत्रा हाताला थंड लागतो आहे, एवढे जमले म्हणजे निम्मे काम झाले.

प्रत्यक्ष कृतीत सर्वाधिक वेळ जातो तो स्वच्छतेत, आणि तो जाऊ द्यावा. प्रथम साबणाच्या सौम्य पाण्याने जागा धुऊन पूर्ण वाळवावी. त्यानंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने ती पुसावी. पेट्रोलने पुसण्याची पद्धत सर्रास दिसते. ती दोन कारणांनी वाईट: पेट्रोल मागे तेलकटपणा ठेवते, आणि एका ठिणगीची त्याला वाट असते. गाडीला पूर्वी सिलिकोनयुक्त पॉलिश केलेले असेल तर त्याचा अदृश्य अंश राहिला तरी नवा रंग तेथे पांघरत नाही. कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा आक्रसून माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके ठेवतो. असे झाल्यास सारे पुसून पुन्हा आरंभ करणे हाच उपाय.

मग सुईच्या किंवा लहान चाकूच्या टोकाने सुटलेला रंग आणि गंज काढावा. येथे मनुष्यस्वभाव आड येतो. टवका मोठा होईल या भीतीने मालक हात आखडता घेतो आणि काठाखाली गेलेला गंज तसाच राहतो. जो काठ नखाने उचलतो तो काठ मुळात पत्र्यापासून सुटलेलाच आहे. तो काढल्याने टवका वाढत नाही, केवळ त्याचे खरे माप कळते. ४०० किंवा ६०० क्रमांकाच्या वॉटर पेपरचा तुकडा पेन्सिलीच्या मागच्या रबराला चिकटवून केवळ टवक्याच्या आत फिरवावा, म्हणजे शेजारचा चांगला रंग खरचटत नाही. तळाशी लोखंड चकाकले, की काम तेथे थांबवावे. बारीक छिद्रांत काळे ठिपके उरलेच तर गंजरोधक द्रवाचा एक थेंब काडीने सोडावा आणि बाटलीवर सांगितला असेल तेवढा वेळ, मग तो दिवसभराचा का असेना, थांबावे. उघडे लोखंड रात्रभर मात्र ठेवू नये; दवाच्या एका रात्रीत त्यावर तांबूस झाक येते आणि दिवसाचे श्रम वाया जातात.

त्यानंतर प्रायमर. रंग जुळवण्याच्या घाईत हा टप्पा गाळला जातो, आणि अशी दुरुस्ती वर्षभरात फसते. वरचा रंग सुंदर असतो, पण तो लोखंडाला धरत नाही आणि पाण्यालाही फारसा अडवत नाही. त्याची ती जबाबदारीच नव्हे. काडेपेटीच्या काडीचे टोक तासून किंवा शाळकरी रंगपेटीतल्या शून्य क्रमांकाच्या ब्रशाने प्रायमरचा एक पातळ थर केवळ खळग्याच्या तळाशी बसवावा. काठावर चढू देऊ नये. तो वाळला की रंग. बाटली दोन-तीन मिनिटे चांगली हलवावी, कारण रंगद्रव्य तळाशी बसलेले असते. ब्रशाने रंग ओढायचा नसतो, थेंब टेकवायचा असतो. तो आपण होऊन पसरतो. एकच जाड थेंब भरण्याचा मोह फार होतो. जाड थेंब वरून वाळतो, आत ओला राहतो आणि काही दिवसांनी मध्ये खचतो. त्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने तीन-चार पातळ थर द्यावेत. वाळताना प्रत्येक थर आकसतो, म्हणून शेवटचा थर शेजारच्या रंगाहून केसभर वर आला तरी हरकत नाही. टवक्याभोवती चिकटपट्टी लावण्याची सूचना काही पुस्तिकांत आढळते. फवाऱ्याच्या कामात ती योग्य आहे. ठिपक्याच्या कामात पट्टीच्या कडेला रंगाचा बांध साचतो आणि दुरुस्तीच उठून दिसते.

पारदर्शक लेप असलेल्या गाडीवर रंग वाळल्यानंतर त्याच रीतीने पारदर्शक लॅकरचे एक-दोन थेंब द्यावेत. यानंतर जे करायचे ते म्हणजे काही न करणे. किमान आठवडाभर ती जागा घासू नये. मग २००० क्रमांकाचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, लाकडाच्या चपट्या तुकड्याला गुंडाळून, उंचवटा सपाट होईपर्यंत चार-दोन वेळा अलगद फिरवावा आणि रबिंग कंपाऊंडने चमक आणावी. आधीच सांगितल्याप्रमाणे भोवतीचा पारदर्शक लेप ४०-५० मायक्रॉनांचा आहे. उत्साहाने दहा मिनिटे घासले, तर टवका झाकला जाईल आणि त्याभोवती रुपयाएवढा निस्तेज चट्टा जन्मेल. या शेवटच्या टप्प्यावर पुष्कळ चांगली कामे बिघडतात. उंचवटा ज्याला सहन होतो त्याने तो तसाच ठेवावा. लोखंडाला त्याचे काही वाटत नाही. मेणाचे पॉलिश मात्र महिनाभर लावू नये, आतील विद्रावक पूर्णपणे निघून जाण्यास तेवढा अवधी लागतो.

धोक्याच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. फवाऱ्याच्या डब्यांतून मिळणारी काही टणक लॅकरे हार्डनर मिसळून वापरायची असतात. त्यांत आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात आणि त्यांचा सूक्ष्म तुषार श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. कापडी मुखपट्टीने ती अडत नाहीत. चौकातल्या घरांसारख्या चहूबाजूंनी बंद अंगणांत अशी लॅकरे मुळीच वापरू नयेत. ब्रशाने लावायच्या एकघटकी लॅकरवर समाधान मानावे. दुसरी गोष्ट शिशाची. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु तो घरगुती रंगांपुरता आहे, आणि जुन्या गाड्यांवरच्या, विशेषतः पिवळ्या व तांबड्या रंगांत आणि जुन्या अस्तरांत शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून जुनी गाडी कोरडी घासू नये. पाणी लावून घासावे, चिखल कागदाने टिपून टाकावा, आणि काम चालू असता मुलांना जवळ खेळू देऊ नये.

काही इजा घरच्या हाताबाहेरच्या असतात हेही मान्य करावे. तळहाताहून मोठा ओरखडा, पोचा आलेला पत्रा, दाराच्या खालच्या कडेवर फुगलेला रंग, यांसाठी डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिराकडेच जावे. फुगवटा खालून गंजलेला असतो. वरून ठिपका दिल्याने रोग झाकतो, जात नाही. कारागिराकडे गेल्यावरही एक गोष्ट उभे राहून पाहावी: गंज काढून पत्रा चकाकेपर्यंत घासला आहे ना, की पुट्टी भरून वर रंग मारला आहे. पुट्टी पाणी शोषते. तिच्याखाली राहिलेला गंज एका पावसाळ्यात पुन्हा वर येतो.

पैशाचा हिशेबही लहान टवक्याच्या बाजूने आहे. पुष्कळ मालक बारीकसारीक इजांसाठी विम्याचा दावा करतात. एक वर्ष दावा न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षांनंतर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. दावा करताच ही साखळी तुटते. शिवाय १५०० सी.सी.पर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये मालकानेच सोसायचे असतात. तेव्हा दाराचा एक ओरखडा घालवण्यासाठी पाच वर्षांची सूट देऊन बसणे हा महागडा सौदा ठरतो. जुनी गाडी घेणारे आता रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र घेऊन येतात. जेथे १२० मायक्रॉनांच्या ठिकाणी ३०० दिसतात तेथे दार कधीतरी रंगवले आहे हे त्यांना कळते, आणि गाडीला अपघात झाला असावा असा तर्क करून ते किंमत पाडतात. तिळाएवढा प्रामाणिक ठिपका अशा यंत्राला सहसा सापडत नाही, आणि डोळ्यांना सापडला तरी तो गाडीची काळजी घेतल्याचीच खूण म्हणून वाचला जातो.

उरलेली बाटली घट्ट बंद करून उभी ठेवावी आणि तिच्यावर गाडीच्या रंगाचा क्रमांक व उघडल्याची तारीख लिहावी. पावसाळा संपला की गाडी धुऊन, बॉनेटची पुढची कड, चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा एकदा बोट फिरवून तपासाव्यात. जुन्या ठिपक्याच्या काठाशी तांबूस रेघ दिसली, तर त्या वेळी प्रायमर नीट बसला नव्हता असे समजावे. ठिपका खरवडून काम पुन्हा लोखंडापासून सुरू करावे.